‘तथापि’च्या अलीकडे

प्रिय वकीलसाहेब,

बघ, तेरा महिन्यांनी पत्र लिहितेय आणि पहिल्याच ओळीत चिडवतेय. बाबांनी तुला हे नाव ठेवलं तेव्हा तू सात वर्षांची होतीस आणि शिसपेन्सिलीने लिहिलेला अर्ज घेऊन माझ्या टेबलाशी उभी होतीस. पुढे तू वकील झाली नाहीस, लहान मुलांच्या कानांना यंत्रं बसवणारी झालीस, तरी घरात तू वकीलसाहेबच राहिलीस. आधी ‘प्रिय लेकी’ असं लिहिलं होतं, पण ते आज हक्काने लिहवेना. म्हणून हे.

फोन करायचा नाही असं मीच ठरवलं. एक तर तू उचलला नसतास. आणि उचलला असतास तर मी बोलतच सुटले असते. समोरच्याला मध्येच थांबवून स्वतः बोलायची मला तीस वर्षांची सवय, आणि ती निवृत्तीच्या दिवशी शिपायाकडे जमा करून येता येत नाही. पत्राचं बरं असतं, कंटाळा आला की तू मला घडी घालून बाजूला ठेवू शकतेस. तशी ठेवलीस तरी चालेल. फाडू मात्र नकोस, बाबांनी त्यांचे जपून ठेवलेले कागद दिलेत.

इथलं सगळं ठीक. बाबांचा डावा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, उतरताना गप्प असतो. दादा गेल्या महिन्यात येऊन गेला आणि स्वयंपाकघराचा नळ दुरुस्त करतो म्हणून आणखी बिघडवून गेला. दर रविवारी सकाळी दहा वाजता बाबा तुला फोन करतात तेव्हा आतल्या खोलीचं दार लावून घेतात. मी बाहेर वर्तमानपत्र धरून बसते. दारातून शब्द कळत नाहीत, फक्त त्यांचं हसणं ऐकू येतं. तुझं मी अंदाजाने लावून घेते. फोन झाला की ते बाहेर येऊन भाजी चिरायला बसतात आणि तुझ्या बातम्या एकेक करून त्या भाजीला सांगतात. माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत. मला सांगायचं नाही असा तुझा हुकूम असणार आणि तो ते अक्षरशः पाळतात. भाजीला सांगायचं नाही असं तू म्हणाली नव्हतीस ना!

तर भाजीला सांगितलेल्या बातम्यांमधून मला कळलं की छोटीच्या कानाचा साचा परत बदलावा लागला. लहान मुलांचे कान वाढतात, यंत्राचा साचा मग सैल होतो, शिट्टी वाजायला लागते, नवा घ्यावा लागतो. हे मला ठाऊक नव्हतं. तेरा महिन्यांत चार साचे झाले. दर वेळी बालगृहातल्या ताई तिला घेऊन तुझ्याकडे येतात, तू तिच्या कानात ते गुलाबी मिश्रण भरतेस, ते घट्ट होईपर्यंत दोघी हलायचं नाही असा खेळ खेळता, आणि मग ती परत जाते. चार वर्षांची होती, आता पाच पूर्ण झाली. यंत्राची बॅटरी स्वतः बदलते. ऐकायचं नसेल तेव्हा स्वतःच बंद करते. यावर बाबा भाजीला म्हणाले, ही आपल्या घरात असती तर हिच्या आज्जीचं व्याख्यान सुरू झालं की पहिलं बटण दाबलं असतं. मी वर्तमानपत्राआड होते. हसू आलं आणि लगेच डोळे भरले.

तू दत्तक घ्यायला निघालीस ती छोटी अजून आपल्या घरात नाही, बालगृहात आहे, आणि याला कारण मी लिहिलेली तीन पानं. तू आणि मी त्याबद्दल एकदाच बोललो, तेही जिन्यात, तू चपला घालत असताना. आज मला त्या तीन पानांबद्दल लिहायचं आहे. पण तू मला ओळखतेस, मी थेट मुद्द्यावर येत नाही. आधी पार्श्वभूमी, मग वस्तुस्थिती. एवढं सहन कर.

आपलं घर बाबांनी चालवलं. शाळेत भूगोल शिकवून ते दुपारी दीडला घरी यायचे, मी कोर्टातून सातला, बगलेत फायली मारून. घराचे नियम चपलांच्या खोक्याच्या झाकणावर लिहून स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेले असायचे. पण ते नुसते बाबांचे नव्हते. रविवारी सकाळी सभा भरायची. बाबा, आत्या, दादा आणि तू. ज्याला नियम हवा त्याने मांडायचा, बाकीच्यांनी त्यावर भांडायचं आणि मग चमचे वर करून मतदान. मला चमचा नव्हता. तो मीच नाकारला होता. कारण कुणाला नियम जाचला तर तक्रार माझ्याकडे यायची, आणि ज्याने नियम करायचा त्यानेच तो योग्य की अयोग्य हे ठरवायचं, हे मला तत्त्व म्हणून पटत नव्हतं. बघ, तत्त्व मला तेव्हाही तोंडपाठ होतं.

दादाने एकदा ठराव आणला की दहा वर्षांखालच्यांना चमचा नाही. त्याचं वय होतं अकरा. आत्याला त्याने काय लालूच दाखवली देव जाणे, ती त्याच्या बाजूने गेली. बाबा विरोधात. तुझा चमचा वर गेला तर दोन-दोन होणार, म्हणून दादा म्हणाला, ज्याच्या मताचं ठरायचंय त्याने यात मत द्यायचं नाही. ठराव दोन विरुद्ध एकने मंजूर. त्या दिवशी तू माझ्याकडे आलीस. अर्ज अजून माझ्याकडे आहे. ‘माझा चमचा काढला. मला म्हणायचं होतं की काढू नका पण ते म्हणायला चमचा लागतो आणि तो काढला.’ घटनेवरच्या कित्येक भाषणांत मी याहून चांगला युक्तिवाद ऐकलेला नाही. मी दोन ओळींचा निकाल दिला. जिचं मत काढून घ्यायचं तिलाच गप्प बसवून केलेला नियम टिकत नाही, सबब रद्द. खाली सही केली आणि उरलेल्या पानावर वरपासून खालपर्यंत तिरपी रेघ ओढली. तू विचारलंस, ही रेघ कशाला? मी म्हटलं, कोर्टात सहीखाली रिकामी जागा सोडत नाहीत, मागाहून कुणी काही भरू नये म्हणून. तुला ते इतकं आवडलं की पुढे महिनाभर तू गृहपाठाच्या वहीत प्रत्येक पान अर्धं लिहून खाली तिरपी रेघ मारायचीस. बाईंची चिठ्ठी आली तेव्हा बाबांनी ती माझ्यासमोर ठेवली, हे तुमच्या कोर्टातलं प्रकरण आहे म्हणून.

तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात नेटका निकाल. दोन ओळी आणि रेघ. दुसरा तसा नव्हता. सायकलचा. पुलाच्या पलीकडे सायकल न्यायची नाही, बारा पूर्ण झाल्याशिवाय, हा नियम सभेत झाला होता. तू दहाची होतीस. दादाला दहाव्याच वर्षी पलीकडे जाऊ दिलं होतं, तेव्हा नियम नव्हता, आणि हा भेदभाव आहे असं तुझं म्हणणं. खरंच होतं. मी एवढंच म्हणायला हवं होतं की नियम सर्वांना सारखा नाही, रविवारी परत मांडा. पण मी रंगात आले होते. मी लिहिलं की पलीकडे जावं, मात्र दिव्याच्या दुसऱ्या खांबापर्यंत, पाचच्या आत, दादा सोबत असताना आणि घंटी वाजवत. मला वाटलं, काय तोडगा काढला! दादाचा चार ते पाच क्लास असायचा. मंगळवारी पुलावर बाजारच्या ट्रकांची रांग लागायची. हे बाबांना माहीत होतं, आत्याला माहीत होतं, तुला माहीत होतं. घरात माहीत नव्हतं ते एकट्या मला, कारण मी सातला घरी यायचे. मग पुढचे चार महिने रोज पाचपर्यंत बाबा पुलावर उभे राहून खांब मोजायचे. त्या वेळी ते मला म्हणाले, नियम चुकला असेल तर खुशाल रद्द कर, मी परत मांडतो. पण त्या जागी तुझा नियम लिहू नकोस. नियम दिवसभर चालवावा लागतो, आणि तू दिवसभर नसतेस. मी हसण्यावारी नेलं.

आता ड्रायव्हरांचा निकाल. तुला तो भिंतीवरच्या कात्रणामुळे माहीत आहे. माझा फोटो, जाड चष्मा आणि वर मोठा मथळा. त्यातलं कात्रणात नसलेलं मी तुला कधी सांगितलं नाही. विधिमंडळाने कायदा केला होता की बसच्या ड्रायव्हरने पंचावन्नाव्या वर्षी गाडीवरून उतरावं. एक ड्रायव्हर माझ्यासमोर आला. पंचावन्न पूर्ण, नजर घारीची. त्याच्या वकिलाने त्याला कोर्टाच्या मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरमधली बारीक अक्षरं वाचायला लावली आणि त्याने ती वाचली. मला दिसली नव्हती. कुणाची तपासणी न करता सगळ्यांना एका तारखेला उतरवायचं हे मला अन्यायाचं वाटलं, आणि आजही वाटतं. हे कलम रद्द, विधिमंडळाने पुन्हा विचार करावा, असं म्हणून मी सही करायला हवी होती. पण माझ्या स्टेनोबाई सांगतील तुला. माझ्याकडे सव्वीस वर्षं होत्या. निकाल सांगताना ‘मागणी मान्य’ असं मी म्हटलं की बाकीच्या न्यायाधीशांच्या स्टेनो कागद काढून घ्यायच्या. आमच्या बाई बोटं तशीच धरून बसायच्या. कारण माझं ‘तथापि’ यायचं बाकी असे. साध्या ‘पण’ला काळा कोट घातला की त्याचा ‘तथापि’ होतो. एकदा मला जोराची शिंक आली, तर त्यांनी माझ्या आधीच तो टाइप करून ठेवला होता.

त्या दिवशीही आला. ‘तथापि, तोपर्यंत पुढीलप्रमाणे व्यवस्था असावी’ म्हणून मी आठ कलमं सांगितली. दर सहा महिन्यांनी नजर तपासायची, तक्त्यावरची अमुक ओळ वाचता आली पाहिजे, वाचणाऱ्याला साठपर्यंत गाडी, न वाचणारा गाडीवरून खाली. वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतलं. बाबांनी मात्र सगळा निकाल चहा निवेपर्यंत वाचला आणि विचारलं, ही आठ कलमं कुठल्या सभेत झाली? मला राग आला. मी म्हटलं, माणसाला न्याय मिळाला ना?

एका माणसाला मिळाला. झालं असं होतं की त्या कायद्यात पंचावन्नची अट आणि डेपोतल्या कामाची हमी ही एकमेकांना बांधलेली होती. ड्रायव्हरांची संघटना, प्रवासी, डेपोवाले सगळ्यांनी दोन वर्षं घासाघीस करून ती गाठ मारली होती. गाडीवरून लवकर उतरा, पण उतरेल त्या प्रत्येकाला साठपर्यंत डेपोत काम. मी अट कापली आणि तिच्याबरोबर हमी गळून पडली. माझ्या आठ कलमांत नजर होती, तक्ता होता, ओळ होती. तक्ता न वाचता आलेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेऊन कुठे जायचं, हे नव्हतं. तशी माणसं माझ्यासमोर आलीच नव्हती. माझ्यासमोर घारीच्या नजरेचा माणूस होता.

दीड वर्षाने एक आला. छप्पन्न वर्षांचा, एका डोळ्यावर पडदा आलेला. वकील नव्हता, स्वतःच उभा राहिला. म्हणाला, बाईसाहेब, मी आमदाराकडे गेलो तर ते म्हणतात हे नियम कोर्टाचे, कोर्टाला विचार. आता तुम्हीच सांगा, कोर्टाला कुठे विचारतात? आमदाराला पुढच्या वेळी पाडता येतं. तुम्हाला काय करता येतं? तो उर्मटपणे बोलत नव्हता गं, खरोखर विचारत होता. आणि मी काय केलं? प्रकरण यापूर्वीच निकाली निघाले आहे, असं सांगितलं आणि पुढचं नाव पुकारायला लावलं. विधिमंडळाने नवा कायदा करून ती गाठ परत मारायला चार वर्षं घेतली, कारण माझी कलमं असताना घाई कुणालाच नव्हती. मधल्या काळात त्या माणसाने काय केलं मला माहीत नाही. चौकशी करायची हिंमत झाली नाही.

म्हणजे कोर्टाने हाताची घडी घालून बसावं असं मी म्हणत नाही. नदीकाठच्या वस्तीतल्या घरांना नंबर नाहीत म्हणून तिथल्या लोकांची नावं मतदारयादीतून वगळणारा कायदा मी चार पानांत उडवला होता. सभागृहात मला शिव्या घातल्या, बहुमताचा अपमान केला म्हणाले. त्या निकालाचा मला एका दिवसासाठीही पस्तावा झालेला नाही. तो तुझ्या चमच्याचाच खटला होता. ज्यांचा चमचाच काढून घेतला त्यांनी सभेत जाऊन काय वर करायचं? तिथे मी नाही तर कोण? पण ज्याच्या हातात चमचा आहे, ज्याला भांडता येतं, हरता येतं आणि पुढच्या रविवारी परत मांडता येतं, त्याचं सगळं आयुष्य शहाणपणाने आखून द्यायला मला कुणी बसवलं नव्हतं. मी शहाणी असले तरी. आणि दिवसभर घरात नसणारी मी, तेवढी शहाणीही नव्हते.

आता ती तीन पानं. बालगृहाच्या कार्यालयातून माझ्या नावे फॉर्म आला होता. एकटी व्यक्ती मूल घेणार असेल तर घरातल्या एकाला एक प्रश्न विचारतात. अर्जदाराने हा निर्णय स्वतः आणि समजून-उमजून घेतला आहे, असे आपल्याला वाटते काय? पुढे एक चौकोन. त्याखाली आठ ओळी, अधिक काही सांगायचे असल्यास. मी चौकोनात लिहिलं, ‘होय.’ मग आठ ओळींच्या पहिल्या ओळीत लिहिलं, ‘तथापि’. आठ ओळी पुरल्या नाहीत, तीन पानं जोडली. क्रमांक घालून. अर्जदार एकटी आहे. अर्जदाराचे कामाचे तास लांबतात. घर तिसऱ्या मजल्यावर असून लिफ्ट नाही. अर्जदाराने यापूर्वी हाती घेतलेल्या पुढील गोष्टी पूर्णत्वास नेलेल्या नाहीत. आणि त्याखाली यादी. चित्रकलेचा वर्ग, वय नऊ. पोहणं, वय बारा. व्हायोलिन. ते लग्न, जे तू ठरल्यावर मोडलंस. एकही ओळ खोटी नव्हती. शेवटी, किमान एक वर्ष थांबणे उचित ठरेल, असं मत. कार्यालयाने ते मत उचललं आणि तुझा अर्ज एक वर्ष बाजूला ठेवला. निवृत्त न्यायाधीश, त्यातून सख्खी आई! त्यांनी तरी दुसरं काय करावं?

त्या दिवशी बाबांनी माझ्याकडची प्रत वाचली. फार मुद्देसूद आहे म्हणाले आणि कप विसळायला गेले. परत येऊन त्यांनी विचारलं, तुला विचारलं काय होतं? मी सांगितलं, तिने निर्णय स्वतः समजून घेतलाय का. मग तुझं उत्तर काय? होय. मग ही तीन पानं कुठल्या प्रश्नाची? तू जिन्यात चपला घालताना नेमकं तेच विचारलंस. आई, तुला विचारलं काय होतं? आणि मग मान खाली घालून म्हणालीस, चार वर्षांच्या मुलीचं एक वर्ष म्हणजे किती असतं गं? मी तेव्हाही काहीतरी मुद्दा मांडला. काय मांडला आठवत नाही. तुझ्या चपलेचा बंद हातात तुटला, तेवढं आठवतं.

मी असं का केलं, हे मी तेरा महिने स्वतःला विचारते आहे. तुझ्या काळजीने, असं सुरुवातीला सांगत होते. खरं ते नाही. मूल एकटीने वाढवणं किती कठीण, असं मी दुसऱ्या पानावर मोठ्या अधिकाराने लिहिलं. मी कुठे वाढवली गं मुलं? तुम्हाला बाबांनी वाढवलं, आत्याने वाढवलं. मी सातला यायचे आणि निकाल द्यायचे. घरात तीन मोठी माणसं असताना मला जे जमलं नाही ते तू एकटीने करायला निघालीस, हसत, कानातल्या साच्याच्या गुलाबी डागांसकट. मला भीती वाटली की तुला ते जमणार नाही. आणि त्याहून जास्त, माझ्या पोरी, मला भीती वाटली की जमेल.

यादीचंही सांगते. परवा कपाट आवरताना तुझी चित्रकलेची वही निघाली. वर्ग तू सोडला नव्हतास. बुधवारची वेळ बदलून संध्याकाळची झाली आणि तुला आणायला जायचं माझ्याकडे होतं. मी दोनदा विसरले. तिसऱ्या बुधवारी तूच म्हणालीस, मला आता कंटाळा आलाय. माझ्या निकालात हे आलंच नाही. भिंतीवरचं ते ड्रायव्हरांचं कात्रण मी त्याच दिवशी काढलं. आता तिथे पांढरा चौकोन उरलाय. बाबांनी पाहिलं आणि खिळा काढून डबीत ठेवला.

आता हे पत्र का, ते. मंगळवारी बालगृहाचा नवा फॉर्म आला. तेच रंगीत पाकीट. बाबांनी ते माझ्या टेबलावर ठेवलं आणि गुडघा कुरकुरत असतानाही खाली फिरायला निघून गेले. वर्ष संपलं, तू पुन्हा अर्ज केलास, हे मला तेव्हा कळलं. घरातली व्यक्ती म्हणून बाबांचं नाव देता आलं असतं, दादाचं देता आलं असतं. तू माझंच दिलंस. का, ते मी विचारणार नाही आणि त्याचा अर्थही लावणार नाही. चौकोनात मी लिहिलं, ‘होय.’ मग आठ ओळींपाशी पेन थांबलं. या वेळी मला तुझं कौतुक लिहायचं होतं गं. चार साचे, हलायचं नाही तो खेळ, तुझ्या हातांची मऊ चाल, सगळं शिसपेन्सिलीने लिहूनही काढलं, फार सुंदर जमलं होतं. आणि लक्षात आलं की हेही मला कुणी विचारलेलं नाही. खोडून टाकलं. वेगळ्या कागदावर एक ओळ लिहिली, मागील तीन पाने मी मागे घेते आहे, आणि तो कागद फॉर्मला जोडला. काल सकाळी मी स्वतः जाऊन पाकीट टाकून आले आणि मगच हे पत्र लिहायला घेतलं, म्हणजे याचं उत्तर द्यायचं ओझं तुझ्यावर राहू नये. फॉर्मवरच्या त्या आठ ओळी कोऱ्या आहेत, वकीलसाहेब. सही केल्यावर मी त्यांच्यावर वरपासून खालपर्यंत तिरपी रेघ ओढली आहे, म्हणजे मागाहून कुणालाही तिथे काही भरता येणार नाही. मलासुद्धा.

तुझीच, बिनचमच्याची,
आई